२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे हे संगणकाशिवाय कसे सिद्ध झाले, आणि तिच्यात आणखी काय आहे?

नाशिकच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकात हाताने आकडेमोड करून कसे दाखवले? मूळ असण्यापलीकडे या संख्येला काही खास गुणधर्म आहेत का? आणि एवढी मोठी मूळ संख्या एन्क्रिप्शनसाठी वापरता येईल का? मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी पदवीच्या मुलांना संख्या सिद्धांत शिकवतो. त्यामुळे ही संख्या माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी येत असते, आणि उत्तर थोडे लांबले तरी ते सविस्तर द्यावे असे वाटते.

आधी मुख्य मुद्दा सांगतो. मोठ्या मूळ संख्येविषयी बोलताना आपले लक्ष तिच्या अंकांच्या लांबीकडे जाते. परंतु ती मूळ आहे हे किती सहज सिद्ध होईल, तिच्यावर आकडेमोड किती वेगाने होईल आणि ती गुपित राखण्याच्या कामाची आहे की नाही, हे बहुतांशी तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचे अवयव कसे पडतात यावर ठरते. पुढे आपल्या संख्येला मी ‘म’ म्हणेन आणि २ चा एकतिसावा घात २^३१ असा लिहीन. म = २^३१ − १. म्हणजे म + १ ही संख्या निव्वळ दोनाचा घात आहे. म − १ चे अवयवही विलक्षण लहान आहेत, ते पुढे काढून दाखवतो.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर ही संख्या २,१४,७४,८३,६४७ अशी दिसते, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटींच्या थोडी वर. द्विमान पद्धतीत ती ओळीने ३१ वेळा १ लिहून पूर्ण होते. २ पासून मोजत गेल्यास मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा लागतो. संख्येला तिच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागण्याचा परिचित अंदाज येथे सुमारे ९ कोटी ९९ लाख देतो, म्हणजे तो पाचेक टक्क्यांनी कमी पडतो. या आकाराच्या संख्यांसाठी तेवढे अपेक्षितच आहे.

२^न − १ या रूपाच्या संख्यांना मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव मिळाले आहे. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या संयुक्तच असते, त्यामुळे घातांक मूळ असणे आवश्यक आहे; मात्र तेवढे पुरेसे नाही, कारण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते याची २५७ पर्यंतची जी यादी मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली, तिच्यात ३१ होता. यादीतील ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, आणि ६१, ८९ व १०७ हे तिच्यातून निसटले होते. ३१ च्या बाबतीत ते बरोबर निघाले, पण त्या काळी सिद्धता कोणाकडेच नव्हती.

आता ऑयलर यांच्याकडे वळू. म चे वर्गमूळ ४६३४० च्या थोडे पुढे आहे, त्यामुळे म संयुक्त असेल तर तिचा एखादा मूळ विभाजक ४६३४० च्या आत सापडलाच पाहिजे. या मर्यादेत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने दहा अंकी संख्येला भागत बसणे अशक्य नाही, पण ते महिनोन्महिन्यांचे काम आहे आणि त्यात एक चूक झाली तर सगळेच व्यर्थ जाते. ऑयलर यांनी भागाकार टाळले नाहीत. कोणते भागाकार करायचीच गरज नाही, हे त्यांनी आधी सिद्ध केले.

समजा क ही मूळ संख्या म ला निःशेष भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे घात क्रमाने घेत गेल्यास बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, तो घातांक ३१ चा विभाजक असला पाहिजे. ३१ मूळ आहे आणि पहिल्या घाताला बाकी १ येणे शक्य नाही, म्हणून तो घातांक नेमका ३१ आहे. फर्माच्या प्रमेयानुसार २^(क−१) ची बाकीही १ असते. म्हणून ३१ ने क − १ ला भाग गेला पाहिजे. क विषम आहे, तेव्हा ६२ नेही भाग गेला पाहिजे. म्हणजे क ला ६२ ने भागल्यास बाकी १ उरते. येथेच साठ-एकसष्ट भागाकार करायचे तिथे एकच उरला असे होत नाही, कारण ६२ च्या सापेक्ष, म्हणजे ६२ ने भागल्यावर, मोठ्या मूळ संख्यांच्या फक्त ३० वेगवेगळ्या बाक्या येऊ शकतात. तरीही तीस भागाकारांच्या जागी साधारण एक उरतो, आणि ही बचत मोठी आहे.

दुसरी चाळणी अधिक सुंदर आहे. २^३१ ची बाकी १ असल्यामुळे २^३२ ची बाकी २ येते. परंतु २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. याचा अर्थ क च्या सापेक्ष २ ही कुठल्यातरी पूर्णांकाच्या वर्गाची बाकी आहे, आणि हे तेव्हाच घडते जेव्हा क ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर क ची बाकी १ किंवा ६३ असलीच पाहिजे. २०४७ वर याची खातरजमा करता येते: २३ आणि ८९ या दोन्हींना ११ च्या दुपटीने, म्हणजे २२ ने, भागल्यास बाकी १ येते, आणि ८ ने भागल्यास अनुक्रमे ७ व १ येते.

४६३४० पर्यंत २४८ च्या पटीत १ मिळवून १८६ संख्या मिळतात आणि ६३ मिळवून, खुद्द ६३ वगळता, आणखी १८६. म्हणजे एकूण ३७२ उमेदवार. त्यांतही बहुतेक संयुक्त असल्याने वगळता येतात. सुरुवातीचे काही पाहा: २४९ ला ३ ने भाग जातो, ३११ मूळ आहे, त्यानंतर ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ हे सगळे संयुक्त, आणि पुढची मूळ संख्या थेट १३०३. म ला ३११ ने भागल्यास बाकी ३५ उरते, १३०३ ने भागल्यास २२६. असे करत शेवटपर्यंत गेले की काम संपते. ऑयलर यांनी हा निष्कर्ष १७७२ मध्ये पत्राने कळवला. त्या सुमारास त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे भागाकारांची संख्या कमी करण्याचे मोल आणखी कळते. पुढे १८६७ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी होती.

आजचा विद्यार्थी हा प्रश्न संगणकाला विचारेल, आणि तिथे एक सापळा आहे. तो मी मुद्दाम सांगतो, कारण वर्गात त्यात हटकून कोणीतरी पडते. मूळ संख्येची झटपट चाचणी म्हणून फर्माचे प्रमेय उलटे वापरले जाते: २^(म−१) ला म ने भागून बाकी १ आली तर संख्या बहुधा मूळ आहे असे मानायचे. मेर्सेनच्या संख्यांवर ही चाचणी पूर्णपणे निरुपयोगी आहे. घातांक मूळ असला की त्या संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला तो घातांक निःशेष भागतो, आणि त्यामुळे २ हा पाया (ज्याचा घात घ्यायचा ती संख्या) घेतल्यास बाकी नेहमी १ च येते, मग संख्या मूळ असो वा नसो. २०४७ हे उदाहरण याही ठिकाणी चालते: २०४६ = ११ × १८६, म्हणून २^२०४६ ची बाकी १ येते, आणि तरीही २०४७ संयुक्त आहे. मिलर आणि राबिन यांच्या अधिक कडक चाचणीलाही २ हा पाया घेतल्यास २०४७ फसवून जाते. पाया २ असताना या चाचणीला फसवणारी ती सर्वांत लहान विषम संयुक्त संख्या आहे.

पाया बदलला की चित्र बदलते. म − १ ची निमपट विषम असल्यामुळे मिलर-राबिन चाचणी येथे फार सोपी होते: प्रत्येक पायाचा (म−१)/२ वा घात काढायचा आणि बाकी १ किंवा म − १ येते का, एवढेच पाहायचे. २ साठी १ येते. ३, ५ आणि ७ साठी म − १ येते. ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान असलेली कोणतीही विषम संयुक्त संख्या २, ३, ५ आणि ७ या चारही पायांना एकाच वेळी फसवू शकत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे. म या मर्यादेच्या आत आहे. म्हणून एरवी केवळ संभाव्यता सांगणारी ही चाचणी म च्या बाबतीत पूर्ण सिद्धता ठरते. चार घात काढले की संपले.

मला स्वतःला यापेक्षा दुसरी सिद्धता अधिक समाधान देते, कारण ती कोणत्याही मोठ्या तक्त्यावर अवलंबून नाही. म − १ चे अवयव पाडू. म − १ = २ × (२^३० − १), आणि कंसातील संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने (२^१५ − १) × (२^१५ + १) अशी उलगडते, म्हणजे ३२७६७ × ३२७६९. पहिलीचे अवयव ७ × ३१ × १५१ आहेत, दुसरीचे ९ × ११ × ३३१. कागदावर दहा मिनिटांत होणारे हे काम आहे. तेव्हा म − १ = २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. आता पाया म्हणून ७ घ्या. ७^(म−१) ची बाकी १ येते, परंतु म − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१ किंवा ३३१ यांपैकी कशानेही भागून जो घातांक मिळतो, त्या घाताला बाकी १ येत नाही. याचा अर्थ ७ च्या घातांचे चक्र पूर्ण म − १ लांबीचे आहे. इतके लांब चक्र संयुक्त संख्येच्या सापेक्ष असूच शकत नाही, कारण तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) लहान संख्याच म − १ पेक्षा कमी असतात. आठ घात तपासून म मूळ असल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि कोणीही ते स्वतंत्रपणे पडताळू शकते. पायथनमध्ये घातांक आणि बाकी एकत्र काढणारी पाऊ ही आज्ञा आहे. तिने हे सर्व एका श्वासात होते.

ज्या पायाचे चक्र असे पूर्ण असते त्याला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. म साठी ७ हा सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट आहे. असे एकूण किती आहेत, हे वरच्या अवयवांवरून लगेच निघते: १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३,४६,००,०००. म्हणजे १ ते म − १ मधून सहज उचललेली संख्या प्रिमिटिव्ह रूट असण्याची शक्यता सुमारे एक चतुर्थांश. दुसऱ्या टोकाला २ आहे, ज्याचे चक्र अवघे ३१ पायऱ्यांत संपते.

म − १ प्रमाणेच म + १ चा आधार घेणारीही कसोटी आहे, आणि मेर्सेनच्या सर्व मोठ्या संख्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. एदुआर ल्युका यांनी १८७० च्या दशकात तिचा पाया घातला आणि डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या दशकात तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करायची, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि मेर्सेनच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर ० आले तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. १२७ = २^७ − १ वर पाच पायऱ्या लागतात: ४, १४, ६७, ४२, १११, ०. (१९४ मधून १२७ गेले की ६७, पुढे १११ चा वर्ग उणे २ म्हणजे १२३१९, आणि तो नेमका ९७ × १२७ आहे.) म साठी अशा २९ पायऱ्या लागतात. ल्युका यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. संगणकपूर्व काळातील त्या विक्रमाला पंचाहत्तर वर्षे कोणी मागे टाकू शकले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे, आणि तिच्या मूळपणाची खात्रीही याच पद्धतीने केली गेली. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येसाठी बहुपदी वेळेत (अंक वाढले तरी काम आवाक्याबाहेर फुगत नाही अशा वेळेत) निश्चित निर्णय देणारी रीत शोधली. सिद्धांताच्या दृष्टीने ती फार मोठी घटना होती. प्रत्यक्ष कामात मात्र विशेष रूपाच्या संख्यांसाठी विशेष कसोट्याच वेगवान ठरतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. म चा मला सर्वांत उपयोगी वाटणारा गुणधर्म असा की म ने भागून बाकी काढण्यासाठी भागाकार करावाच लागत नाही. २^३१ ची बाकी १ असल्यामुळे एखाद्या मोठ्या संख्येचे द्विमान रूप उजवीकडून ३१-३१ अंकांच्या गटांत तोडायचे आणि गटांची बेरीज करायची. शाळेत अंकांची बेरीज करून ९ ची कसोटी लावतात, तीच ही युक्ती. फक्त पाया दहाऐवजी २^३१ आहे. २ ने गुणणे म्हणजे ३१ बिटांची माळ एक घर फिरवणे, आणि २ चे चक्र ३१ चेच का, हे त्यावरून डोळ्यांना दिसते. लहान नियंत्रकांमध्ये भागाकाराची आज्ञा संथ असते किंवा नसतेच. तिथे हॅशिंगसाठी, म्हणजे मोठ्या माहितीला छोटा क्रमांक देण्यासाठी, ही संख्या, आणि चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर तिची मोठी बहीण २^६१ − १, पसंत केली जाते ती याच कारणाने.

वर्गमुळांची गोष्टही तशीच सोपी आहे. एखाद्या मूळ संख्येच्या सापेक्ष वर्गमूळ काढणे सर्वसाधारणपणे कष्टाचे असते, पण ४ ने भागल्यावर बाकी ३ उरत असेल तर (म+१)/४ वा घात काढला की वर्गमूळ मिळते. आपल्याकडे (म+१)/४ म्हणजे २^२९. म्हणून दिलेल्या संख्येचा सलग २९ वेळा वर्ग करत गेले की तिचे वर्गमूळ हाती येते! ३१ या धाकट्या मेर्सेन संख्येवर करून पाहा: २ चा तीन वेळा वर्ग केला की ४, १६, २५६, २५६ ला ३१ ने भागल्यास बाकी ८, आणि ८ चा वर्ग ६४, ज्याची बाकी पुन्हा २. ज्या संख्येला वर्गमूळच नाही, तिच्यासाठी हीच कृती तिच्या ऋण संख्येचे वर्गमूळ देते.

वर्गांच्या बेरजेबाबत म चे वागणे दुहेरी आहे. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरत असल्यामुळे ती दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. पण एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची सातपट, असे ती लिहिता येते, आणि तेही एकाच प्रकारे: २१४७४८३६४७ = ४३९६८^२ + ७ × ५५३३^२. कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा: १९३३१८५०२४ आणि २१४२९८६२३. यातील ४३९६८ ला ८ ने भाग जातो, आणि तो योगायोग नाही. मेर्सेन मूळ संख्येच्या घातांकाला ३ ने भागून बाकी १ उरत असेल, तर अशा मांडणीतील पहिली संख्या नेहमी ८ च्या पटीत येते. फ्रान्झ लेमरमायर यांना हे उदाहरणांवरून जाणवले होते. लेन्स्ट्रा आणि स्टेव्हेनहागेन यांनी पुढे ते सिद्ध केले. सिद्धतेसाठी आर्टिनचा व्युत्क्रम नियम लागतो, जो पदवीच्या अभ्यासक्रमापलीकडचा आहे, पण २^७ − १ = ८^२ + ७ × ३^२ हे उदाहरण कोणालाही पडताळता येईल.

प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येसोबत एक परिपूर्ण संख्या येते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिची तीच असते अशी. म सोबत येणारी परिपूर्ण संख्या २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये असे भाकीत केले होते की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काहीच नसल्याने कोणी एवढे कष्ट घेणार नाही. निरुपयोगी गोष्टींसाठी माणसे किती कष्ट घेतात याचा त्यांना अंदाज नव्हता.

म खुद्द घातांकाच्या जागी ठेवली तर? ३, ७, ३१ आणि १२७ या मेर्सेन संख्या घातांक केल्या की पुन्हा मूळ संख्या मिळतात, त्यामुळे ही साखळी चालू राहील अशी आशा वाटते. २^म − १ ही सुमारे ६५ कोटी अंकांची संख्या मात्र संयुक्त आहे. तिचा एक विभाजक २९५२५७५२६६२६०३१ हा गाय हॉवर्थ यांना १९८३ मध्ये सापडला. ऑयलर यांनी वापरलेला नियम इथेही पाळला गेला आहे: हा विभाजक १३७४९० × म + १ इतका आहे, म्हणजे म च्या दुपटीच्या पटीत १ मिळवून आलेला.

येथे देवळालीच्या द. रा. कापरेकर सरांची आठवण निघणे साहजिक आहे. शाळेत शिकवत असतानाच संख्यांमध्ये रमलेल्या या गणितज्ञाची ६१७४ ही संख्या (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास शेवटी हाती येणारी) नाशिकच्या विद्यार्थ्यांना सांगावी लागत नाही. पण दोन्हींतला फरक ध्यानात ठेवावा. ६१७४ चा गुणधर्म आपण संख्या दहाच्या पायावर लिहितो म्हणून आहे. पाया बदलला की तो स्थिरांक राहत नाही. म मूळ असणे, तिचे प्रिमिटिव्ह रूट, तिची ७ सह वर्गांची मांडणी यांपैकी काहीही लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही. दशमान पद्धतीत म च्या अंकांची बेरीज ४६ येते. ४६ ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजेच म − १ ला ९ ने भाग जातो, जे वर अवयवांत आलेच आहे. अंकांमधून याहून अधिक काही शोधायला जाऊ नये.

व्यवहारातील दोन जागा सांगतो. पहिली, यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या निर्माण करण्याची. कोणत्याही संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७^५ ने, गुणायचे आणि म ने भागून बाकी ठेवायची. असे करत गेले की म − १ पायऱ्यांपर्यंत एकही संख्या पुन्हा येत नाही. ५ आणि म − १ यांच्यात सामाईक अवयव नसल्यामुळे ७ प्रमाणेच ७^५ चे चक्रही पूर्ण राहते. १९६९ मध्ये ही कृती प्रसिद्ध झाली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान दर्जा म्हणून सुचवली. १ पासून सुरुवात केल्यास पुढे १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात, आणि दहा हजारावा १०४३६१८०६५ असतो. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे तपासायला तो आकडा आजही सोयीचा आहे. आजच्या मोठ्या प्रतिरूपणांसाठी हे चक्र तोकडे आहे.

दुसरी जागा म्हणजे घड्याळ. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या म हीच आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी अशी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचतील आणि पुढच्या सेकंदाला ऋण होऊन १९०१ सालात जातील. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी हे आतापासून तपासावे. मात्र म मूळ आहे याच्याशी या अडचणीचा काही संबंध नाही.

शेवटचा प्रश्न एन्क्रिप्शनचा, आणि त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. दहा अंक आज क्षुल्लक आहेत हे एक कारण झाले, पण महत्त्वाचे कारण दुसरे आहे. डिफी-हेलमनसारख्या गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतींचा भरवसा असा असतो की ७ चा कितवा घात घेतला हे केवळ बाकी पाहून ओळखता येऊ नये. पोलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये दाखवले की म − १ चे अवयव लहान असतील तर हा एक मोठा प्रश्न अनेक लहान प्रश्नांत फुटतो. आपल्या म साठी २१४ कोटी शक्यता तपासण्याऐवजी प्रत्येक अवयवासाठी वेगळा शोध घ्यायचा: २ + ३ + ३ + ७ + ११ + ३१ + १५१ + ३३१, म्हणजे अगदी सरधोपट मोजणी केली तरी ५३९ तुलना. ज्या लहान अवयवांमुळे ७ चे प्रमाणपत्र इतके सोपे झाले, तेच येथे कुलूप उघडून देतात. म हजार अंकांची असती पण म − १ चे अवयव असेच बारीक असते, तरीही परिस्थिती फारशी सुधारली नसती.

म्हणून अशा कामासाठी सहसा सेफ प्राइम निवडतात, म्हणजे जिच्यातून १ वजा करून २ ने भागल्यावर पुन्हा मूळ संख्याच उरते अशी, आणि तिची लांबी किमान २०४८ बिटांची ठेवतात. आपली म या कसोटीवर उतरत नाही: (म−१)/२ म्हणजे २^३० − १, जिचे अवयव वर दिले आहेत. उलट दिशेनेही उपयोग नाही, कारण २म + १ = २^३२ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. प्रकल्पासाठी संख्या हवी असेल तर ३२ बिटांच्या आतली एखादी सेफ प्राइम स्वतः शोधा, तिच्यावर आणि म वर डिस्क्रीट लॉगॅरिदम (बाकीवरून कितवा घात घेतला तो) काढण्याचा तोच प्रोग्रॅम चालवा, आणि दोन्हींना लागलेल्या पायऱ्या मोजून शेजारी मांडा.